मुळाक्षरांची हातछपाईची चित्रं: शिशाची चाचणी नक्की कशाकशाची करायची?

शाईबाई (बडोदा), सोमवार रात्री ९.४०

मंडळी, एक व्यवहारातला प्रश्न. मी दांडिया बाजारात घरच्या माडीवर लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले छापे) आणि स्क्रीन प्रिंटिंग करते. मुळाक्षरांची चित्रं हा माझा सगळ्यात खपणारा माल. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ळ बाळाचा, असं. आता न्यू जर्सीतल्या एका दुकानाने मागणी दिली आहे आणि सोबत दोन पानी फर्मान पाठवलंय. माल मुलांसाठीचा, सबब शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत, १०० पीपीएमच्या आत, त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल, मुलांच्या मालाचं प्रमाणपत्र, वगैरे. दोन वेगळे आकडे का, ते काही त्यात लिहिलेलं नाही.

माल तीन तऱ्हेचा आहे. कागदावरचे लिनोकट, तेलाच्या शाईत. त्यातल्या काही प्रतींवर मी नंतर ब्रशने जलरंग भरते. दुसरा, सुती कापडावर स्क्रीनने छापलेला, भिंतीवर टांगायचा पट्टा. तिसरे, लाकडी ठोकळे, त्यांवर इनॅमलने अक्षरं आणि वर वार्निश.

एका लॅबला फोन केला. "रंग किती?" नऊ. "डिझाइन किती?" अठ्ठेचाळीस. मग त्यांनी गुणाकार करून जो आकडा सांगितला त्यात माझं हातप्रेस विकत येईल. खरंच इतकं लागतं?

शाया बहुतेक तयार डब्यातल्या वापरते. फक्त पिवळी मी मांडवीजवळच्या रंगवाल्याकडून सुटी पूड आणून घोटते. 'क्रोम' म्हणतो तो. तसा उबदार पिवळा डब्यात मिळत नाही.

पेन्शनर_पंत, सोमवार रात्री ९.५८

आम्ही लहानपणी रंगपेटीतल्या वड्या चाटल्या, पेन्सिली चावल्या, पाटीवर थुंकून पुसलं. काही झालं नाही.

खमंग_शेव, सोमवार रात्री १०.०३

पंत, काही झालं नाही हे ठरवणारा मेंदू तोच आहे ना? हलके घ्या.

बालरोग_ओपीडी, सोमवार रात्री १०.३५

खमंग यांनी गंमत केली, पण मुद्दा तोच आहे. शिशाने माणूस चटकन आजारी पडत नाही. पोरगं खेळतं, जेवतं, शाळेत जातं. फक्त लक्ष लागत नाही, चिडचिड करतं, आकलन थोडं खाली येतं. आई म्हणते हट्टी आहे. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही आणि रक्तातलं शिसं तपासायला कोण सांगतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्तातली लक्ष घालण्याची पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या साधारण ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली फार मोठी संख्या आपल्या देशातली.

ताईंच्या चित्राने कुणाला विषबाधा होईल असं मी म्हणत नाही. भिंतीवर काचेमागे लटकलेलं चित्र कोण चाटतंय? ठोकळा मात्र तोंडात जातोच.

मकरपुरा_क्यूसी, सोमवार रात्री ११.२०

मी शाई आणि लेपाच्या कारखान्यात गुणवत्ता बघतो, त्यामुळे हा कागद रोज हातात असतो. आधी दोन आकड्यांचा घोळ सोडवू.

फर्मानामागे आहे तो अमेरिकेचा मुलांच्या मालाच्या सुरक्षिततेचा कायदा, २००८ चा. त्यात शिशाच्या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. ९० पीपीएम ही रंगाला किंवा तत्सम वरच्या लेपाला, म्हणजे जो नखाने, सुरीने खरवडून वेगळा काढता येतो त्याला. तीही वाळलेल्या थरातल्या वजनावर मोजायची, डब्यातल्या ओल्या रंगावर नाही. १०० पीपीएम ही मुलांच्या मालाच्या प्रत्येक भागातल्या एकूण शिशाला. हा आकडा आधी ६०० होता, मग ३००, आणि ऑगस्ट २०११ पासून १००.

छपाईची शाई आणि जी वस्तू आतल्या मालाचाच भाग होऊन जाते ती 'रंग' या व्याख्येत धरलेली नाही. कागदात मुरलेली लिनोची शाई रंग नव्हे, तिला १०० चा आकडा. कापडावरची स्क्रीनची छपाई धाग्यात मुरली असेल तर तिलाही १००. जाड थर वर बसून सालासारखा निघत असेल तर ९०. ठोकळ्यांवरचं इनॅमल आणि वार्निश सरळ ९० मध्ये, तिथे वादच नाही.

म्हणजे तुमचा तीन तऱ्हेचा माल कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅबवाल्याने सगळ्याला एकच भाव लावला.

पेन्शनर_पंत, मंगळवार सकाळी ७.०५

गोऱ्यांचे नखरे. आपल्याकडे कोण विचारतं?

मकरपुरा_क्यूसी, मंगळवार सकाळी ८.१०

पंत, आपल्याकडेही विचारतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आकडा तोच. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायचं म्हणून बनवलेलं ते खेळणं, म्हणजे ताईंचे ठोकळे इथे विकताना त्यात येतील. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. निर्यातीच्या मालाला तो आदेश लागू नाही, पण मग तिथला कायदा लागू आहेच.

छापाकार, मंगळवार सकाळी ९.४५

फाइन आर्ट्सची जुनी विद्यार्थिनी. शाईबाई, ती पिवळी पूड आजच्या आज बाजूला ठेवा. 'क्रोम' म्हणून सुट्या मिळणाऱ्या पिवळ्यात काय निघेल सांगता येत नाही, पण खरा क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. चांगल्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावा. पीवाय ३४ म्हणजे क्रोम यलो. पीआर १०४ म्हणजे मॉलिब्डेट ऑरेंज, त्यातही शिसं. पीडब्ल्यू १ म्हणजे फ्लेक व्हाइट, आपला सफेदा. पीवाय ४१ अस्सल नेपल्स यलो, पीआर १०५ शेंदूर. हे पाच दिसले की मुलांच्या मालाला वापरायचे नाहीत.

उबदार पिवळा हवा असेल तर पीवाय ८३ किंवा पीवाय ६५ बघा. सेंद्रिय आहेत, शिशाशी संबंध नाही. क्रोमसारखा झाकणारा दाट रंग मिळणार नाही, अंग पारदर्शक आहे, म्हणून खाली पांढऱ्याचा एक हात द्यावा लागेल. ऑफसेटवाल्यांचा चार रंगांतला पिवळा सेंद्रियच असतो, पण तो लिंबाकडे झुकतो.

मकरपुरा_क्यूसी, मंगळवार सकाळी १०.३०

छापाकार यांच्याशी पूर्ण सहमत, आणि एक हिशोब मांडतो. लेड क्रोमेटच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसं असतं. पीपीएममध्ये ६ लाख ४० हजार. मर्यादा १००. म्हणजे एक किलो शाईत जेमतेम ०.१६ ग्रॅम क्रोम यलो पडला की मर्यादा संपली. ही चिमूटही नव्हे, सुरीच्या टोकावर जेवढी पूड राहते तेवढी.

म्हणून पिवळी बदलली की काम झालं असं समजू नका. ज्या काचेवर क्रोम घोटलात, ज्या रोलरने फिरवलात, ज्या सुरीने ढवळलात, त्यांतून तो हिरव्यात आणि केशरीत जातो. आमच्याकडे असले नमुने येतात. पिवळा स्वच्छ निघतो आणि पोपटी नापास होतो. मग पार्टी म्हणते, लॅब चोर आहे. रबराचा रोलर तर धुऊन पूर्ण साफ होतच नाही. तो नवा घ्या.

शाईबाई, मंगळवार सकाळी ११.१५

बाप रे. पोपटी मी त्याच पिवळ्यातून काढते. केशरीपण. नऊपैकी चार रंगांत तो आहे.

वाचनमात्र, मंगळवार दुपारी १२.००

वाचतेय.

सयाजीबाग_सकाळी, मंगळवार दुपारी १.२०

अवांतर, पण राहवत नाही. लेड क्रोमेट म्हणजे तेच ना, जे हळदीत चमक यायला घालतात?

बालरोग_ओपीडी, मंगळवार दुपारी १.४५

तेच. बांगलादेशात गर्भवती बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढताना संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. आणि शेंदूर. मारुतीच्या मूर्तीला तेलात कालवून चोपडतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड. शनिवारी तोच हात पोराच्या कपाळाला लावतो आपण.

पेन्शनर_पंत, मंगळवार दुपारी २.१०

आता मारुतीलाही अमेरिकेचं प्रमाणपत्र आणायचं का?

खमंग_शेव, मंगळवार दुपारी २.१२

मारुती चिरंजीव आहे पंत, त्याला चालतं. आपण नाही.

खिळेवाला, मंगळवार दुपारी ३.३०

आमचं बाबाजीपुऱ्यात जुनं मराठी छापखान्याचं घर. आजोबांच्या वेळी लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं, संस्थेचे अहवाल, सगळं खिळे जुळवून व्हायचं. खिळे म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे सुटे ठसे. धातू म्हणजे शिसं, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील. जुळारी दिवसभर डाव्या हातात स्टिक धरून खिळे भरायचा. हात काळे-निळे असायचे आणि त्याच हाताने सुपारी. आजोबा ओरडायचे, आधी साबण. दुपारी केळी वाटायचे सगळ्यांना, शिशावर उतारा म्हणून. उतारा कसला, पण हात धुवायच्या शिस्तीने बरंच वाचवलं असेल.

माझा प्रश्न असा. ते खिळे अजून माळ्यावर आहेत, ट्रेडलही (पायाने चालवायचं छपाईयंत्र) चालू आहे. मी त्यांवर छोटी कार्डं छापतो. छापलेल्या कागदावर शिसं येतं का?

मकरपुरा_क्यूसी, मंगळवार दुपारी ४.२०

छाप्यात खिळ्याचं तोंड शाई देतं, धातू देत नाही. पण जुने खिळे माळ्यावर दमट हवेत राहिले की त्यांवर पांढरी पूड धरते. ती शिशाची क्षारपूड, आणि तीच खरी धोक्याची. कोरड्या ब्रशने झाडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. आणि मुलांसाठीचं काम त्या खिळ्यांवर न केलेलं बरं. पॉलिमरची प्लेट करून घ्या, अक्षराचं वळण तेच राहील.

छापाकार, मंगळवार सायंकाळी ५.५०

खिळेवाल्या काका, ते खिळे भंगारात देऊ नका एवढीच विनंती. जुन्या देवनागरीची ती वळणं आता कुठे मिळणार?

आणि शिशाचं नातं फक्त खिळ्यांशी नाही. रविवर्म्याच्या छापखान्याच्या (१८९४, मुंबई, नंतर मळवली) जमान्यात दगडावरच्या रंगीत छपाईला क्रोम यलो आणि सफेदा हे जगभर नेहमीचे रंग होते. घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या चित्रांची काच फुटली असेल तर बोट फिरवू नका. तेलाच्या शाईत शिसं येण्याची दुसरी वाटही आहे. जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून पूर्वी ते मुरदाडशिंग (शिशाचा ऑक्साइड) घालून उकळत. आताच्या डब्यांत बहुतेक कोबाल्ट किंवा मँगनीजचे वाळवे असतात. सुटं बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणून स्वतः शाई घोटत असाल तर मात्र विचारून घ्या.

आमच्या फॅकल्टीत (१९५० पासून आहे ती) ज्योती भट्टांपासून छापाकारांची मोठी परंपरा. मी शिकत होते तेव्हा अ‍ॅसिडच्या वाफेबद्दल सगळे बोलायचे, रंगद्रव्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. आता बरंच बदललंय.

अलकापुरी_ॲडमिन, मंगळवार सायंकाळी ६.१५

एक जुगाड. सराफाकडे सोन्याचा टंच काढायची मशीन असते ना, ती एक्सआरएफच, म्हणजे क्ष-किरण टाकून धातू ओळखणारी. ओळखीच्या सराफाकडे जाऊन चित्र ठेवा खाली. फुकटात चाचणी.

मकरपुरा_क्यूसी, मंगळवार सायंकाळी ७.००

कल्पना भन्नाट, पण उपयोग नाही. ती मशीन सोन्या-चांदीच्या मिश्रणाला लावून ठेवलेली असते, तिला टक्के कळतात, पीपीएम नाही. शिवाय किरण पातळ शाईतून आरपार जाऊन कागद आणि खालचं टेबल सगळं मिळून मोजतात, त्यामुळे थर पातळ असला की आकडा कमी दिसतो. शिसं आणि आर्सेनिक यांच्या मुख्य रेषा एकमेकींवर बसतात हा वेगळा त्रास. जुन्या रंगांत हरताळ (आर्सेनिकचा पिवळा रंग) असेल तर मशीन गोंधळते.

बाजारात घासून बघायच्या काड्याही मिळतात, शिसं असलं की गुलाबी होणाऱ्या. त्यावरही विसंबू नका. ९०-१०० च्या आसपास त्या नीट सांगत नाहीत, आणि लाल शाईवर गुलाबी कसं ओळखणार?

लॅबमध्ये नमुना आम्लात विरघळवून आयसीपी नावाच्या यंत्रावर मोजतात. आकडा लागेल तर तो हाच.

शाईबाई, मंगळवार रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न अजून लटकलाय. नऊ गुणिले अठ्ठेचाळीस करायचं का? आणि मी चित्राच्या मागे 'फक्त मोठ्यांसाठी, सजावटीची वस्तू' असं छापलं तर सगळंच टळतं का? एका मैत्रिणीने सुचवलंय.

तयार डब्यांच्या सुरक्षा-पत्रकात (कंपनी घातक घटकांची माहिती देते तो कागद) शिसं लिहिलेलं नाही. ते पुरेसं नाही का?

एडिसनकर, बुधवार सकाळी ६.३० (तिकडे रात्र)

मूळचा कारेलीबागचा, आता न्यू जर्सीत. ते दुकान माझं नाही, पण मी भारतातून लहान मुलांचा माल आणतो, त्यामुळे या गावच्या बाभळी ठाऊक आहेत.

'फक्त मोठ्यांसाठी' चालणार नाही. बारा वर्षं किंवा त्याखालच्या मुलांसाठी मुख्यतः बनवलेला माल तो मुलांचा माल. ते ठरवताना बनवणारा काय म्हणतो हे बघतात, पण त्याचं म्हणणं पटण्याजोगं असायला हवं. शिवाय जाहिरात कशी आहे, कुठल्या विभागात मांडलाय, सर्वसाधारण गिऱ्हाईक त्याला काय समजतं, हेही बघतात. 'क कमळाचा' बाळाच्या खोलीच्या फोटोत लावून विकायचं आणि मागे 'मोठ्यांसाठी' छापायचं, तर ते नियमाला पटत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. उलट शाईबाईंचं सुरसागराचं किंवा न्यायमंदिराचं लिनोकट असेल तर तो सरळ मोठ्यांचा माल, त्याला या कायद्याची ही चाचणी लागतच नाही. भिंतीवरची कला आहे एवढ्याने कुणी शिशाचा अहवाल मागत असेल तर तो उगाच मागतोय.

परदेशातून आलेल्या मालाचं प्रमाणपत्र आयातदार देतो, म्हणजे तो दुकानदार. तुम्ही त्याला पुरावे द्यायचे, सही त्याची. त्याने दोन पानं तुमच्या गळ्यात घातली म्हणून जबाबदारी हलत नाही. माल कुठून आला याचा माग लागावा म्हणून त्यावर मागोवा-खूण लागते, तिच्यात बनवणारा, गाव, तारीख, बॅच एवढं पुरतं. चित्राच्या मागे पक्क्या शाईचा शिक्का मारा, पेन्सिलीने नको, पुसलं जाईल असं चालत नाही.

मकरपुरा_क्यूसी, बुधवार सकाळी ८.४०

सुरक्षा-पत्रकाबद्दल. त्यात घातक घटक सहसा ०.१ टक्क्याच्या वर असला तरच नाव येतं. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम. तुमची मर्यादा १००. म्हणजे ५०० पीपीएम शिसं असलेल्या शाईचं पत्रकही साफ कोरं असू शकतं, आणि कंपनी खोटं बोलली असंही म्हणता येणार नाही. पत्रक नको, त्या बॅचचा चाचणी-अहवाल मागा.

अलकापुरी_ॲडमिन, बुधवार सकाळी ९.०५

पण डब्यावर 'विषारी नाही' लिहिलेलं असतं की.

छापाकार, बुधवार सकाळी ९.३०

ते वापरणाऱ्या कलाकारासाठी असतं, नेहमीच्या वापरात तुम्हाला त्रास होईल का याबद्दल. विकलेल्या मालात किती पीपीएम शिसं आहे याचं उत्तर त्यात नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत.

कलम_आणि_पोटकलम, बुधवार सकाळी ११.४०

इतका वेळ गप्प होतो कारण कलम शोधून बघत होतो. एक महत्त्वाची गोष्ट कुणीच सांगितली नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. साधी पुस्तकं आणि साधं कागदी छापील साहित्य यांना त्रयस्थ प्रयोगशाळेच्या चाचणीतून वगळलं. उदाहरणात मासिकं, पोस्टर, शुभेच्छापत्रं असे शब्दच आहेत. अट अशी की कागद किंवा पुठ्ठ्यावर शाईने वा टोनरने छापलेलं असावं, नेहमीच्या पद्धतीने पूर्ण केलेलं असावं. हाताने छापलं की मशीनवर, असा भेद व्याख्येत नाही. कागदाबाहेरचा भाग जोडला, म्हणजे धातूची कडी, प्लास्टिकचा तुकडा, कापड, की सूट गेली. खेळायचं म्हणून बनवलेल्या पुस्तकालाही सूट नाही.

म्हणजे तुमचे कागदी लिनोकट, जसेच्या तसे, फ्रेम आणि कडीशिवाय पाठवले तर त्रयस्थ चाचणीची सक्ती नाही. पण जपून: सूट चाचणीला आहे, मर्यादेला नाही. १०० पीपीएमच्या आत असणं बंधनकारक आहेच. चाचणी नाही म्हणून क्रोम चालेल असा अर्थ काढू नका.

ज्या प्रतींवर ब्रशने जलरंग भरता त्या 'शाईने छापलेल्या' उरतात का, यावर मी तरी सही करणार नाही. त्या वेगळ्या ठेवा.

एडिसनकर, बुधवार दुपारी १२.१० (झोप उडाली)

हे बरोबर. कापडाचं जोडतो. साधं किंवा रंगवलेलं सूत शिशाच्या चाचणीतून वगळलेलं आहे, पण त्यावर नंतर स्क्रीनने छापलं की ती छपाई वगळलेली नाही. चार रंगांच्या ऑफसेट शायांनाही सूट आहे, पण स्पेशल म्हणून मिसळलेल्या रंगांना नाही. शाईबाईंचे रंग सगळे मिसळलेलेच.

लहान उत्पादकांसाठी नोंदणीची सवलत आहे म्हणून कुणी सांगेल. ती असली तरी ठोकळ्यावरच्या लेपाची शिशाची चाचणी त्यातूनही सुटत नाही.

पेन्शनर_पंत, बुधवार दुपारी १.००

कागदाला सूट, कापडाला अर्धी सूट, लाकडाला नाही. ही तर आमच्या सोसायटीची पार्किंगची नियमावली झाली.

मकरपुरा_क्यूसी, बुधवार दुपारी २.४५

आता गुणाकाराचं. अठ्ठेचाळीस डिझाइन विसरा. चित्र तपासत नाहीत, शाई तपासतात. भागाची चाचणी मान्य आहे: एका डब्यातली, एका बॅचची शाई तपासली की तिच्यातून क छापा नाहीतर ज्ञ छापा, अहवाल तोच. डबा बदलला, कंपनी बदलली, नवी पूड आणली, की पुन्हा. काही बदललं नाही तरी सतत चालणाऱ्या मालाला साधारण वर्षातून एकदा.

मूळ रंग पाच असतील आणि बाकीचे त्यांच्याच मिश्रणाचे, तर मूळ पाच तपासून घ्या. लॅब कधी कधी दोन-तीन रंग एकत्र करून एकच चाचणी करते, पैसे वाचतात, पण मग मर्यादाही वाटून घ्यावी लागते. तीन रंग समभाग मिसळले तर लेपाला ९० ऐवजी ३० च्या आत आलं तरच तिन्ही नि:शंक पास. वर आलं की सुटे तपासा.

शाईबाई, बुधवार सायंकाळी ६.२०

मग मी असं ठरवतेय. न्यू जर्सीला फक्त कागदी लिनोकट, ब्रशकाम न केलेले, गुंडाळीत. कापडी पट्टा पुढच्या खेपेला, पाच मूळ शायांचे अहवाल आल्यावर. ठोकळे इथल्याच नातवंडांना... नाही, त्यांनाही नाही, आधी ते इनॅमल कुठलं ते बघते. पिवळीला पीवाय ८३ मागवलाय, रोलर आणि काच नवी. दुकानदाराला कळवलं, तर तो म्हणतो सक्ती असो नसो, मला मनाच्या समाधानासाठी एक तरी कागद दे.

एडिसनकर, बुधवार सायंकाळी ६.४५

मागणारच. त्याच्या विम्यावाल्याला दाखवायचा असतो.

शाईबाई, बुधवार सायंकाळी ६.५०

मग नमुना कसा द्यायचा? डबाच नेऊन देऊ?

मकरपुरा_क्यूसी, बुधवार रात्री ८.३०

लॅबला आधी विचारा, काहींना डबा चालतो. नाहीतर घरी करा. नवी स्वच्छ काच, एका काचेवर एकच रंग, नव्या पातीने पातळ पसरायचा. तेलाची शाई आहे, आठवडाभर तरी वाळू द्या, वर झाकण पण हवा खेळती, म्हणजे रस्त्याची धूळ बसणार नाही. पूर्ण वाळली की खरवडून झिपच्या पिशवीत, दोन-तीन ग्रॅम होईल इतकी. पिशवीवर कंपनी, रंगाचा क्रमांक, डब्याचा बॅच नंबर आणि तारीख. प्रत्येक रंगाला पातं नवं, आणि स्वयंपाकघरातली सुरी तर अजिबात नको.

अहवालात 'वाळलेला थर' आणि 'एकूण शिसं' हे दोन्ही शब्द यायला हवेत, तसं अर्जातच लिहा. कागदी चित्रांसाठी साधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं भारतीय मंडळ) मान्यतेची लॅब चालेल, कारण तिथे सक्ती नाही, पुरावा हवाय. कापड आणि ठोकळ्यांना मात्र अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने स्वीकारलेलीच लॅब लागेल. भारतात आहेत तशा, आयोगाच्या यादीत शोधून घ्या. आणि कोटेशनमध्ये 'प्रति डिझाइन' असं काही दिसलं तर खोडून 'प्रति शाई' करून परत पाठवा.